दहा वॉटना कमी लेखणाऱ्यांना

‘हा छोटा अॅम्प सध्यापुरता घे, खरा नंतर घेशील.’ इलेक्ट्रिक गिटार शिकायला निघालेल्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर हे वाक्य पडतं. दुकानात पडतं, क्लासमध्ये पडतं, मित्रांच्या कट्ट्यावर तर हमखास पडतं. मग शिकणारा पाच-दहा वॉटचा, सहा-साडेसहा इंची स्पीकरचा अॅम्प घरी आणतो आणि पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे तात्पुरती सोय म्हणून बघतो. बटणं नेमकी काय करतात हे समजून घेत नाही, अॅम्प कुठे ठेवावा याचा विचार करत नाही, खरखर सुरू झाली की काही दिवस सोसतो आणि शेवटी तो कपाटावर टाकून देतो. वर्षभराने नव्या विद्यार्थ्याला तेच वाक्य ऐकवायला तो तयार असतो.

या वाक्यामागचा युक्तिवाद ठरलेला आहे. छोट्या अॅम्पला आवाज नसतो, आणि जो असतो तो चिरका असतो. नाव कमावलेले वादक त्याला हात लावत नाहीत. घरच्या सरावाला आता मोबाइलमधलं अॅप पुरतं. आणि बिघडलाच तर दुरुस्तीच्या फंदात कशाला पडायचं, थोडे पैसे घातले की नवा येतो. हे सगळं इतक्या खात्रीने सांगितलं जातं की तपासून बघावं असं कुणाला वाटतच नाही. तपासायला घेतलं तर यातलं फारसं काही टिकत नाही.

मूळ चूक ‘अॅम्प ही गिटारची अॅक्सेसरी’ असं मानण्यात आहे. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारचा स्वतःचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा पोचत नाही. तारेच्या कंपनातून पिकअपमध्ये तयार होतो तो व्होल्टच्या काही दशांशांचा दुबळा विद्युत संकेत. त्याला उंची, धार, भरीवपणा आणि फाटलेपणा देणारं निम्मं वाद्य अॅम्पमध्ये आहे. डग्गा बाजूला ठेवून ‘सध्या नुसत्या तबल्यावर शीक, डग्ग्याचं नंतर बघू’ असं कोणता गुरू सांगेल? मग इलेक्ट्रिक गिटारच्या विद्यार्थ्याला निम्म्या वाद्याकडे दुर्लक्ष करायला का शिकवलं जातं?

आता वॉटचा हिशेब. वॉट म्हणजेच आवाज ही समजूत या वादातली सगळ्यात हट्टी समजूत आहे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात आणि वॉट दुप्पट झाले की ती फक्त ३ डेसिबलने वाढते. १० वॉटच्या जागी २० वॉटचा अॅम्प आणला तर फरक जाणवेल, पण दुप्पट आवाज झाला असं कुणीही म्हणणार नाही. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॉट दहापट लागतात. म्हणजे १०० वॉटचा अॅम्प १० वॉटच्या अॅम्पपेक्षा कानाला जेमतेम दुप्पट मोठा वाटतो. तेही दोन्हींचे स्पीकर सारख्याच क्षमतेचे असतील तर.

आणि १० वॉट म्हणजे किती? १ वॉटला १ मीटरवर ९० डेसिबल देणारा साधा स्पीकर १० वॉटला १०० डेसिबलपर्यंत जातो. कामगारांच्या आरोग्याचं संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या ‘नायोश’ या सरकारी संस्थेच्या निकषांप्रमाणे १०० डेसिबलचा आवाज दिवसाला १५ मिनिटांपेक्षा जास्त कानावर पडू नये. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चालू असताना, १० वॉटचा अॅम्पसुद्धा पूर्ण उघडता येत नाही. ज्या घरात १० वॉट जास्त होतात तिथे ५० वॉट घ्यायला सांगणारा सल्लागार नेमका कुणाचा विचार करत असतो?

मोठे अॅम्प का आले याचा इतिहासही या सल्लागारांनी बघायला हवा. १९६५ साली लंडनमध्ये जिम मार्शलने ‘द हू’ या रॉक बँडसाठी १०० वॉटचे अॅम्प तयार केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स ५५ हजारांवर प्रेक्षकांसमोर वाजवत होते, तेव्हा त्यांच्यामागे व्हॉक्स कंपनीचे १०० वॉटचे अॅम्प होते आणि तरीही किंकाळ्यांपुढे वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्या काळी गिटारचा आवाज माइकमधून सभागृहाच्या यंत्रणेत सोडायची पद्धत रुळली नव्हती. गिटार किती लांब पोचणार हे तिच्यामागच्या अॅम्पवर ठरायचं. आज लहानशा कार्यक्रमातही अॅम्पसमोर माइक लावला जातो आणि आवाज मोठा करण्याचं काम सभागृहाची यंत्रणा, म्हणजे पीए सिस्टीम, करते. ज्या गरजेतून ते प्रचंड अॅम्प जन्माला आले ती गरजच बैठकीच्या खोलीत कधी नव्हती.

नामवंत छोट्या अॅम्पला हात लावत नाहीत, हे विधान तर रेकॉर्डिंगच्या इतिहासापुढे उभंच राहत नाही. फेंडर कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकाऊ वादकांसाठी एक छोटा, स्वस्त अॅम्प काढला. पुढे तो ‘चॅम्प’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पाचेक वॉट, आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, आठ इंची एक स्पीकर आणि १९५०च्या दशकातल्या मॉडेलवर व्हॉल्यूमचं एकुलतं एक बटण. १९७० साली मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत ‘डेरेक अँड द डॉमिनोज’चा ‘लैला’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, तेव्हा गिटारवादक एरिक क्लॅप्टनने हाच अॅम्प वापरला. रॉक संगीतातल्या सगळ्यात नावाजलेल्या गिटार-ध्वनींपैकी एक विद्यार्थ्यांसाठी बनवलेल्या खोक्यातून निघाला.

त्यामागे कारणही होतं. व्हॉल्व्हच्या अॅम्पचा आवाज सर्वांत खुलतो तो आउटपुटचा व्हॉल्व्ह आपल्या मर्यादेला भिडल्यावर. पाच वॉटचा अॅम्प तिथे सहज पोचतो. शंभर वॉटचा तिथे पोचवायचा तर इमारत रिकामी करावी लागेल. घरात तो कायम ‘एक’च्या खुणेवर अडकून पडतो आणि ज्या आवाजासाठी पैसे मोजले तो आवाज मालकाला कधी ऐकायलाच मिळत नाही.

दुसरं उदाहरण याहूनही बोलकं आहे. ‘क्वीन’ या बँडचा बेस वादक जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये कचऱ्याच्या मोठ्या पेटीत त्याला एका छोट्या ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचं सर्किट सापडलं. त्याने ते घरगुती स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. या अॅम्पला व्हॉल्यूमचं बटण नाही, टोनचं नाही, कुठलंच नाही. ताकद जेमतेम एक वॉटच्या आसपास. बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने त्यात गिटार लावली आणि पुढे वर्षानुवर्षं तो ‘डीकी अॅम्प’ क्वीनच्या ध्वनिमुद्रणांत वाजत राहिला. १९७५च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मधल्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट असा सगळा जॅझ वाद्यवृंद ऐकू येतो. तो गिटारवर वाजवलेला आहे, या अॅम्पमधून. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ज्या बँडचा गायक म्हणून जगभर गेला, त्या बँडच्या रेकॉर्डवर एक वॉटचा अॅम्प चालतो. आणि आपल्याकडच्या क्लासमध्ये दहा वॉटचा अॅम्प आणणाऱ्या मुलाला हसतात. हे बंद व्हायला हवं.

आवाज चिरका असतो या तक्रारीत अर्धं तथ्य आहे. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर साधारण ८२ हर्ट्झचा. सहा इंची स्पीकर आणि छोटं खोकं इतक्या खाली पूर्ण ताकदीने उतरू शकत नाही. पण चिरकेपणाचा बाकीचा दोष मालकाचा असतो. गेन (संकेत फाटेपर्यंत वाढवणारं बटण) टोकाला, बेस टोकाला, ट्रेबल टोकाला आणि अॅम्प जमिनीवर, पायांशी. बेस टोकाला नेला की छोट्या स्पीकरची सगळी शक्ती त्याला न जमणाऱ्या कामात खर्च होते आणि आवाज भसाडा होतो. गेन टोकाला नेला की प्रत्येक चूक त्या गोंगाटात लपते आणि सुरांची वेगळी ओळख पुसली जाते. तोच अॅम्प स्टुलावर, कानांच्या जवळपास उंचीला, भिंतीपासून थोडा पुढे ठेवून बघावा. बेस निम्म्याखाली आणावा, गेन जिथे फाटायला सुरुवात होते तिथे थांबवावा आणि उरलेला तोल हाताने सांभाळावा. स्पीकरच्या आवाजाचा तीक्ष्ण भाग सरळ रेषेत जातो, त्यामुळे जमिनीवरच्या अॅम्पचं ट्रेबल गुडघ्यांना ऐकू येतं आणि वादक ते वाढवत राहतो. जागा बदलल्यावर बटणंही बदलावी लागतात. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. किती क्लासमध्ये शिकवतात?

मोबाइलच्या अॅपबद्दल बोलणारे सगळ्यात उत्साही असतात. अॅपचे उपयोग आहेत. इंटरफेस आणि वायरचे हेडफोन जोडून घरच्या घरी ध्वनिमुद्रण करायचं असेल तर ते उत्तमच आहे. पण बहुतेक मुलं करतात काय, तर ब्लूटूथचे इअरफोन कानात घालून त्या अॅपवर वाजवतात. ब्लूटूथमुळे आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं ही सामान्य गोष्ट आहे. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पन्नास मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरवर ताल धरायचा. असा सराव केलेला हात तालात कसा बसेल? वायर लावून स्पीकरसमोर बसलेल्या मुलाला हा प्रश्नच येत नाही.

शिवाय अॅम्पसमोर बसल्यावर जे शिकायला मिळतं ते कानात बोळे घालून मिळत नाही. न वाजवलेल्या तारा गुणगुणत राहिल्या की त्या तळव्याने दाबायला लागतं. गिटार स्पीकरच्या दिशेने वळवली की सूर लांबतो, जास्त जवळ नेली की शिट्टी घालतो. या दोन्हींच्या मधली जागा अंगाने सापडते. घरातला दुसरा माणूस ऐकत असतो, त्यामुळे स्वच्छ वाजवण्याची सवय लागते. आणि कानांच्या आरोग्याचं म्हणाल, तर ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने आपल्या श्रवणाच्या नुकसानीचा दोष स्टेजवरच्या अॅम्पपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनना दिला आहे. रात्री उशिरा वाजवायचं असेल तर छोट्या अॅम्पलाही हेडफोनचा जॅक असतोच, आणि त्यात उशीर होत नाही.

आता ‘बिघडला तर फेक’ या सल्ल्याकडे येऊ. चारही दाव्यांत हा सर्वांत खर्चिक आणि सर्वांत बेजबाबदार.

छोटा अॅम्प अचानक मुका होतो. दिवा लागलेला, हेडफोनमध्ये आवाज येतो, स्पीकरमधून काहीच नाही. मालक ठरवतो की स्पीकर गेला, आणि अॅम्प भंगारात जातो. अशा वेळी पहिला संशय हेडफोनच्या जॅकवर घ्यायचा. त्या जॅकमध्ये धातूची एक पातळ पट्टी असते. पिन आत नसते तेव्हा ती दुसऱ्या पट्टीला टेकलेली असते आणि तिच्यातूनच संकेत स्पीकरकडे जातो. पिन आत शिरली की पट्टी उचलली जाते आणि स्पीकर बंद होतो. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ती टेकण्याची जागा काळवंडते, किंवा सततच्या वापराने पट्टी सैलावते. मग पिन काढल्यावरही पट्टी टेकत नाही आणि अॅम्पला वाटत राहतं की हेडफोन अजून लावलेलाच आहे. अॅम्प बंद करून जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा, पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची, फवारा सुकू द्यायचा. पुष्कळदा तेवढ्याने स्पीकर बोलायला लागतो. नाही लागला तर जॅक बदलायचा, आणि जॅक हा अॅम्पमधल्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे.

व्हॉल्यूम फिरवताना होणारी खरखर हीसुद्धा अशीच. बटणामागच्या ‘पॉट’च्या आत कार्बनच्या पट्टीवर एक छोटं टोक फिरत असतं. मध्ये धूळ बसली की संपर्क तुटत-जुळत राहतो. प्लग काढून, पॉटच्या मागच्या फटीतून क्लीनर सोडून, बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळ वेळा फिरवलं की ती जाते. क्लीनर इलेक्ट्रॉनिक्सचाच हवा. दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे त्यात मारला की पुढे धूळ आणखीच चिकटते.

गिटारची वायर हलवली की आवाज येतो-जातो, तेव्हा इनपुट जॅकच्या सोल्डरिंगला बारीक भेग गेलेली असण्याची शक्यता मोठी. छोट्या अॅम्पमध्ये हा जॅक बऱ्याचदा थेट सर्किट बोर्डावर बसवलेला असतो, त्यामुळे वायरला बसलेला प्रत्येक हिसका बोर्डालाच बसतो. सोल्डरिंग पुन्हा मारणं हे दुरुस्तीवाल्याचं दहा मिनिटांचं काम. आणि वायर आधी अॅम्पच्या हँडलमधून ओवून घेऊन मग लावली तर ती भेग सहसा पडत नाही.

हुंकार येत असेल तर तो कुठून येतो हे शोधायलाही फार ज्ञान लागत नाही. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला आणि हुंकार गेला, तर दोष गिटारच्या पिकअपचा किंवा आसपासच्या रेग्युलेटर, चार्जर, एलईडी दिव्यांचा. वायरच काढून टाकली, सगळी बटणं शून्यावर आणली आणि तरी तो एकसारखा राहिला, तर पॉवर सप्लायमधला कपॅसिटर म्हातारा झाल्याची शंका घ्यावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ती डायोडांतून सरळ केली की उरलेली लाट १०० हर्ट्झची होते. ती गिळण्याचं काम या कपॅसिटरचं. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो. तिथेच ‘टीडीए २०३०’ जातीची आयसीही मिळते. कॉम्प्युटरच्या स्पीकरांत सर्रास आढळणारी ही आयसी कितीतरी छोट्या अॅम्पांचं आउटपुट सांभाळते. अॅम्पची दुरुस्ती होत नाही असं सांगणाऱ्याने त्याचे चार स्क्रू तरी काढून बघितलेले असतात का? आतून डिजिटल असलेल्या नव्या मॉडेलांचा बारीक बोर्ड दुरुस्त करणं अवघड आहे, हे मान्य. पण त्यांच्यातही पुष्कळसं दुखणं जॅक, बटण आणि अॅडॉप्टरचंच असतं.

अॅडॉप्टरचा विषय निघालाच आहे तर ठणकावून सांगितलं पाहिजे. ‘९ व्होल्टचाच आहे ना, चालेल’ म्हणत कुठलाही अॅडॉप्टर लावू नये. पिनच्या मध्ये धन आहे की ऋण, हे अॅम्पच्या मागे आणि अॅडॉप्टरवर गोल खुणेने छापलेलं असतं. ते जुळलंच पाहिजे, आणि अॅडॉप्टरची अँपियर-क्षमता अॅम्पला लागते त्याहून कमी असता कामा नये. पेन्सिल सेलवर चालणारा अॅम्प महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. सेलमधून झिरपलेला क्षार स्प्रिंगा आणि बोर्डाच्या वाटा खाऊन टाकतो. पावसाळ्यात अॅम्प प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं म्हणजे आतला ओलावा आतच कोंडणं. उघडा, सुती कापडाने झाकलेला आणि आठवड्यातून दोनदा वाजवलेला अॅम्प त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित राहतो.

आणि तीन पिनांच्या प्लगची मधली मोठी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसणं हा गुन्हा मानला पाहिजे. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ मे १९७६मध्ये स्वतःच्या घरात इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून गेला. तो ३३ वर्षांचा होता. ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी १९७२मध्ये स्वान्सीला स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. हुंकार कमी होतो म्हणून अर्थिंग काढणाऱ्याने ही दोन नावं लक्षात ठेवावीत. व्हॉल्व्हचा अॅम्प असेल, तो कितीही छोटा असो, घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्टच्या आसपासचा भार उरलेला असू शकतो. तिथे जाणकार दुरुस्तीवालाच हवा.

एवढी काळजी ज्या वस्तूची घ्यायची तिला खेळणं म्हणता येत नाही, आणि खेळणं म्हणून विकलेल्या वस्तूची काळजी कुणी घेत नाही. म्हणून सुरुवात दुकानापासून व्हायला हवी. छोटा अॅम्प विकताना तो स्टुलावर ठेवून, गेन आणि व्हॉल्यूम वेगवेगळे फिरवून, हेडफोनची पिन घालून आणि काढून दाखवलाच पाहिजे. क्लासच्या शुल्कात अॅम्पचे दोन तास धरलेच पाहिजेत, कारण निम्मं वाद्य न शिकवता पूर्ण शुल्क घेतलं जातंय. ‘खरा नंतर घेशील’ असं विद्यार्थ्याला सांगणाऱ्या शिक्षकाने आधी त्याच दहा वॉटच्या अॅम्पवर, बेस निम्म्याखाली आणि गेन फाटायच्या काठावर ठेवून, एक गाणं स्वच्छ वाजवून दाखवावं. आणि ज्यांच्या कपाटावर असा अॅम्प पडून आहे त्यांनी नव्याची किंमत विचारायच्या आधी तो खाली काढून त्याच्या हेडफोन जॅकमध्ये एकदा पिन घालून बघावी.